पान एकशे बारा

माझे यजमान पान एकशे बारावर वारले.

डॉक्टरांनी कागदावर हृदयाचं काहीतरी लिहिलं, ते त्यांच्या जागी बरोबर असेल. पण मी पाहिलं ते असं : जबलपुरातल्या रांझीच्या आमच्या घराच्या ओट्यावर प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीत हे, पोटावर उघडं पुस्तक आणि बोट पान एकशे बारावर. मी दोनदा चहा आणून ठेवला. दोन्ही वेळा तो गार झाला. दुसऱ्या वेळी मी म्हटलं, "प्यायचा नाही तर सांगत काहून नाही?" आता गेलेला माणूस कुठून सांगणार! अर्धा तास मी मेलेल्या माणसाशी भांडले, आणि खरं सांगायचं तर नेहमीपेक्षा फार फरक जाणवला नाही.

हे फॅक्टरीत लेथ मशीनवर होते. रिटायर झाल्यावर लोकांना देव आठवतो, जमीन आठवते. यांना रहस्यकथा आठवल्या. रक्तामांसाच्या नाही हं. हलक्या, घरगुती. एक गाव, एक बंगला, एक श्रीमंत नालायक म्हातारा, जो विसाव्या पानाच्या आत मरतो. मग कोणीतरी चौकस मावशी सगळ्यांच्या घरी चहा पीत फिरते आणि शेवटच्या पानावर खुनी पकडून देते. चहा इतका, की वाचणाऱ्याला पित्त व्हावं.

जलदान विधी झाला, पाहुणे गेले, आणि चार दिवसांनी मेश्राम गुरुजी ओट्यावर येऊन बसले. गुरुजी आमच्या मराठी मंडळाचं वाचनालय सांभाळतात. (वाचनालय म्हणजे एक खोली, दोन लोखंडी कपाटं आणि एक पंखा, जो फिरला तर पानं उडतात म्हणून लावत नाहीत.) गुरुजींनी यांच्या फोटोकडे पाहिलं, मग कोनाड्यातल्या पुस्तकाकडे पाहिलं, मग खोकले.

"शांताबाई, घाई काही नाही. पण पुस्तक मंडळाचं आहे."

"त्यांचं किती राहिलं होतं?"

गुरुजींनी पुस्तक उघडून पाहिलं. "अडुसष्ट पानं."

"मग नेता काहून? मीच संपवते."

हे मी रागात म्हटलं. माझं शिक्षण चौथी, तेही भंडाऱ्याकडच्या एका शाळेत, जिथं अर्धा वेळ आम्ही मास्तरांच्या म्हशीला पाणी पाजत होतो. त्यानंतर पन्नास-पंचावन्न वर्षांत मी वाचलं ते रेशनकार्ड आणि औषधांच्या बाटल्या. पण बोट ठेवून ठेवून, एकेक शब्द चावून मी ती अडुसष्ट पानं वाचली. अडीच महिने लागले! शेवटी समजलं : खून माळ्यानं केला होता. मी उठलेच! "माळी!" म्हणून ओरडले. पण सांगू कोणाला? मुलगा रिछाईच्या कारखान्यात कामावर, सून बाजारात. जाऊबाई आत तांदूळ निवडत होत्या, पण त्यांनी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. त्यांना माळी सांगून काय उपयोग! मी फोटोला सांगितलं. फोटोनं नेहमीसारखं ऐकून घेतलं. मग मी जाऊन वरण उतरवलं, ते तळाला लागलं होतं.

माणूस गेला त्याचं दुःख होतंच. ते सगळ्यांनाच होतं आणि हळूहळू बसतं. पण खुनी न समजता गेला, हे माझ्या गळ्यात भाकरीच्या कोरड्या तुकड्यासारखं अडकून बसलं.

त्यानंतर मी कपाटातल्या रहस्यकथा एकेक करून आणू लागले. कार्डावर सही करताना माझं अक्षर पाहून गुरुजींना शिक्षक असल्याचं आठवलं. त्यांनी मला कित्ता घालून दिला. स्वतःच्या हातानं टिंब टिंब काढून आणायचे आणि मी पेन्सिलनं ती टिंबं जोडायची. सदुसष्टाव्या वर्षी! दोन वर्षं मी कित्ता गिरवला. अक्षर इतकं वळणदार झालं की गॅसवाल्यानं सही पाहून मला "मॅडमजी" म्हटलं.

वाचायला लागले तशी मी शिफारशीही करायला लागले. मला पुस्तक आवडलं की ते समोरच्याच्या गळी उतरवल्याशिवाय मला झोप लागत नाही. बसमध्ये शेजारच्या बाईला, दवाखान्यात नंबर लावून बसलेल्यांना, एकदा तर मयताला गेले तिथं मयताच्या सुनेला. "हे वाच, पोरी. यात तीन मरतात, पण तिन्ही मरण्याच्याच लायकीचे. मन हलकं होते." ती पोरगी रडता रडता म्हणाली, "आंटी, मुझे मराठी पढ़ना नहीं आता." इथली अर्धी नवी पिढी अशीच आहे. मराठी शिव्या समजतात, पुस्तकं नाही.

म्हणजे राहिले आम्ही म्हातारे. मंडळाचे सभासद तेवीस, त्यातले वाचणारे नऊ, त्या नवांत चष्म्याशिवाय दार दिसणारा एक. आणि आम्ही रांगेनं जात होतो! इंगळेबाई पान चाळीसवर गेल्या. पुस्तक परत आलं, बाई नाही. वासनिक दादा शेवटून तिसऱ्या पानावर गेले. तिसऱ्या! अजून पाच मिनिटं दम धरला असता तर समजलं असतं. मी त्यांच्या घरी भेटायला गेले तेव्हा सगळे रडत होते आणि मी मनात म्हणत होते, पोस्टमन, दादा, पोस्टमन.

तेव्हा मी एक नियम केला. पुस्तक आणलं की आधी शेवटचं पान वाचायचं, आणि खुन्याचं नाव पेन्सिलनं पहिल्या पानावर, वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचं. "खुनी : धाकटी बहीण." "खुनी : वकील." मग निवांत पहिल्यापासून वाचायचं. खुनी माहीत असला की त्याच्याकडे नीट लक्ष ठेवता येतं. आणि पुढचा वाचणारा कोणत्याही पानावर गेला, तरी समजून गेला! ही माझी समाजसेवा होती. नऊ वर्षं केली. कोणी तक्रार केली नाही. (अर्थात तक्रार करणारे फार दिवस टिकतही नव्हते.)

मग मंडळात घाटे साहेब आले.

घाटे साहेब शहरातल्या विजय नगर वस्तीतले. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या काळात नोकरीसाठी जबलपूरला आले, हे ते नाव सांगायच्या आधी सांगतात. बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झाले, मोतीबिंदू काढला आणि नव्या डोळ्यांनी काय पाहावं म्हणून वाचनालयात आले. आल्या आल्या त्यांना अध्यक्ष केलं, कारण खुर्च्या त्यांनी दिल्या. पहिल्याच रविवारी मी त्यांना माझ्या आवडीचं पुस्तक काढून दिलं. "साहेब, हे घ्या. यात डोंगरावरचा बंगला आहे, धुकं आहे, एकही शिवी नाही."

पुढच्या रविवारी ते आले ते पुस्तक हातात असं धरून, जसा मेलेला उंदीर शेपटीनं धरतात.

"हे कोणी केलं? मी चहा केला, शाल घेतली, पाय वर घेतले, पुस्तक उघडलं, आणि पहिल्याच पानावर 'खुनी : नर्स'! नर्स तर अजून बंगल्यावर आलीसुद्धा नव्हती!"

मला आधी वाटलं, हा माणूस आभार मानतो आहे.

"हा गुन्हा आहे!" साहेब म्हणाले. "वाचकाचा खून आहे हा!"

मग मी हातातली पेन्सिल पदराखाली घेतली.

त्यांनी कपाटातली सगळी पुस्तकं, नाव वाचलं जाऊ नये म्हणून हातभर लांब धरून, तपासली. एक्केचाळीस पुस्तकांवर नावं निघाली. रबरानं खोडायला गेले तर जुना कागद फाटू लागला, म्हणून साहेबांनी आपल्या मिसेसला बसवून प्रत्येक नावावर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवून घेतली. मिसेस इंदूरच्या, इंग्रजीत शिकलेल्या, मराठी वाचता न येणाऱ्या; रहस्य त्यांच्याजवळ सुरक्षित होतं. मग चौकशी समिती नेमली. समितीत साहेब स्वतः, आणि दुसरी मी!

"शांताबाई, इथल्या सगळ्या रहस्यकथा तुम्ही वाचल्या आहेत. गुन्हेगाराचं मन तुमच्याइतकं कोणाला कळणार?"

"ते तर आहेच," मी म्हटलं. खोटं काय बोलले?

घरी येऊन मी हे जाऊबाईंना सांगितलं. जाऊबाई माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठ्या. मूलबाळ नाही, मोठे दीर गेल्यापासून आमच्याकडेच असतात. दोन वर्षांपूर्वी नळाजवळ पडल्या, खुबा मोडला, तेव्हापासून आतल्या खोलीत पलंगावर. रोज दुपारी मी त्यांना दहा पानं वाचून दाखवते. त्यांना वाचता येत नाही, मला पटपट वाचता येत नाही, त्यामुळे आमचं जमतं.

"एक्केचाळीस पुस्तकं?" जाऊबाई म्हणाल्या. "मेहनती आहे बाप्पा तो चोर."

"चोर नाही म्हणता येणार. त्याचा काही चांगला विचारही असेल."

"असन," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या.

पुढच्या रविवारी साहेबांनी हस्ताक्षराची परीक्षा ठेवली. सगळ्यांना कोरे कागद वाटले आणि लिहायला लावलं : खुनी माळी, खुनी नर्स, खुनी वकील. सत्तर-पंच्याहत्तरीची माणसं जीभ बाहेर काढून शुद्धलेखन लिहीत बसली. एका बाईंनी विचारलं, "साहेब, किती मार्कांचं आहे?" मला लिहावं लागलं नाही. मी समिती होते! मी कागद गोळा केले, टाचणी लावली आणि साहेबांच्या हातात दिले.

साहेब भिंग घेऊन बसले. एक कागद पाहिला, ठेवला. दुसरा पाहिला, ठेवला. पाचवा कागद त्यांनी पुस्तकाशेजारी धरला, आणि त्यांचा चेहरा असा झाला, जसा बँकेत खोटी नोट सापडल्यावर होत असेल.

"गुरुजी," ते म्हणाले, "तुम्ही?"

अक्षर अगदी तेच होतं! तेच वळण, तीच उभी रेघ, 'ख'ची तीच गाठ. असणारच! दोन वर्षं मी त्यांचीच टिंबं जोडत होते!

गुरुजींनी पुस्तक हातात घेतलं. बराच वेळ त्या अक्षराकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मास्तर आपल्या हातचं वळण ओळखणार नाही? त्यांना समजलं होतं, आणि त्यांना समजलं हे मलाही समजलं. मी म्हणायचं होतं तेव्हा. मी खाली बघून टाचणी सरळ करत बसले.

"चावी फक्त तुमच्याजवळ असते," साहेब म्हणाले. "अक्षर तुमचं. आणखी काय सांगायचं राहिलं?"

"नाही, काही नाही," गुरुजी म्हणाले. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून चावी काढली, तिला बांधलेला निळा दोरा सोडवून परत खिशात ठेवला आणि चावी टेबलावर ठेवली. "कपाटाचा वरचा कप्पा जरा अडकतो साहेब. लाथ मारायची नाही. उचलून ओढायचा."

आणि गेले. सायकल हातात धरून, चालत.

आता गुरुजींचं सांगते. बायको गेली त्याला बारा वर्षं झाली. मुलगा पुण्याला, तो फोनवर "सब ठीक?" विचारतो आणि उत्तराच्या आत ठेवतो. रोज चार ते सहा वाचनालय उघडायचं, एवढंच त्या माणसाला काम. कोणी येवो न येवो. त्या दोन तासांसाठी तो बाकीचे बावीस काढत होता. आणि ते दोन तास मी घालवले.

घरी आले तर सुनेनं पोहे केले होते. मी ताट सरकवलं. सून चांगली आहे, सागरकडची, हिंदीच बोलते. ती घाबरली. "मम्मीजी, तबीयत ठीक नहीं है क्या? आप और पोहा नहीं खाओगी?"

"मेरी तबीयत को क्या धाड भरली!" मी म्हटलं आणि आत गेले. जाऊबाईंसमोर पुस्तक उघडून बसले. त्या आठवड्यात एका मोठ्या वाड्यातल्या मेजवानीचं पुस्तक चाललं होतं. यजमान खीर खाऊन मेलेला होता. गुरुजींची चावी गेल्याचं सांगितलं आणि चार ओळी वाचल्या.

"ठेव ते," जाऊबाई म्हणाल्या. "मास्तराची चावी कधी परत देऊन राहिली?"

"मी? माझ्याजवळ कुठं आहे चावी?"

"शांते," त्या म्हणाल्या, "तू नवं पुस्तक आणते. आधी मागून पाहते. मग समोर पेन्सिलनं काहीतरी खरडते. मग म्हणते, चला, वाचू. दोन वर्षं झाले मी या पलंगावरून पाहून राहिली. मले वाचता येत नाही. दिसते तर!"

मी पुस्तक मिटलं.

"अन् दुसरं सांगू? ज्यानं खून केला त्याचं नाव आलं की तुहा आवाज गोड होते. दरवेळी. या खिरीच्या पुस्तकात तो भाचा आहे. आला की तू अशी बोलते जसा जावई जेवायला आला."

भाचाच होता! पहिल्या पानावर पट्टीखाली तसं लिहिलेलं होतं, माझ्याच हातानं!

"मग तुम्ही दोन वर्षं मला कधी म्हटलं नाही?"

"काहून म्हणू? मले आधी नव्हतं समजायचं. पण तुह्या आवाजानं समजे. तरी मी कान बंद करून, दुसऱ्याच कोणावर संशय घेऊन ऐकत होती." त्या थोड्या उठून बसल्या. खुबा दुखला असणार, तोंड वाकडं झालं. "तुले वाटते, मरायच्या आधी खुनी समजला पाहिजे. मले वाटते, समजलाच नाही तर बरं. उद्या सकाळी डोळे उघडायले काही कारण पाहिजे ना! इथं छत पाहायले उठू का मी?"

मी म्हटलं, "बाई, तुम्हाला नाही समजणार. आमचे हे पान एकशे बारावर गेले. त्यांना शेवटपर्यंत—"

"माळी," जाऊबाई म्हणाल्या.

"काय?"

"माळी. भाऊजींनी त्याच दिवशी सकाळी सांगितलं होतं मले. इथंच उभं राहून. म्हणे, वहिनी, शंभर टक्के माळी. बुटाले चिखल आहे अन् पाऊस तर आलाच नाही. लय खूश होते."

मी पलंगाचा पाय धरून बसले. नऊ वर्षं! नऊ वर्षं मी एक्केचाळीस पुस्तकांवर पेन्सिल चालवली, त्या माणसाला समजलं नाही म्हणून. आणि त्याला एकशे बाराच्या आधीच समजलं होतं!

"मला काहून नाही सांगितलं त्यांनी?"

"सांगायले आले होते ना तुह्याजवळ, सैंपाकघरात. तू म्हटलं, ते पुस्तक ठेवा अन् आधी चक्कीवरून गहू दळून आणा."

हे खरं होतं. गहू मीच पाठवले होते. त्याच पिठाच्या पोळ्या मयताच्या पाहुण्यांनी खाल्ल्या.

"मग मी माळी ओरडले त्या दिवशी तरी तुम्ही सांगायचं!"

"तू माझ्याकडे आली कुठं? फोटोजवळ गेली." जाऊबाईंनी उशी सारखी केली. "आता रविवारी जाऊन सांग सगळ्यांले. नाही सांगितलं तर हे खिरीचं पुस्तक मी ऐकत नाही. अन् जेवतही नाही. तुह्या हातचं तर नाहीच. या घरातला भाचा कोण, काय भरवसा!"

खोटं वाटेल, पण बाईंनी पुढचे सहा दिवस माझ्या हातचं अन्न घेतलं नाही. सुनेच्या हातचं दोन वेळा व्यवस्थित जेवल्या.

रविवारी मी खिरीचं पुस्तक परत करायला घेऊन गेले. गुरुजीही आले होते, साधे सभासद म्हणून, मागच्या खुर्चीवर. चावी घाटे साहेबांच्या गाडीच्या चाव्यांच्या जुडग्यात लटकत होती. वरच्या कप्प्याला त्यांनी लाथ मारली होती, पोचा दिसत होता.

मी उभी राहिले. "साहेब, ती नावं मी लिहिली. गुरुजींनी नाही."

मग घाटे साहेब हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते प्रेमानं हसले.

"शांताबाई, तुमचं मन फार मोठं आहे. गुरुजींसाठी तुम्ही आळ अंगावर घेता. पण असं वळणदार अक्षर... राग मानू नका... चौथी शिकलेल्या बाईचं?"

"गुरुजींनीच शिकवलं मला."

"हो हो. बसा तुम्ही. कोणीतरी पाणी द्या त्यांना."

जन्मात पहिल्यांदा गुन्हा कबूल केला आणि कोणी घेईना! माझं डोकंच फिरलं. चौथी म्हणजे काय रस्त्यावर पडली आहे?

"काढा कोणतंही पुस्तक," मी म्हटलं. "नुसतं नाव वाचा. खुनी मी सांगते."

"अहो, पण—"

"काढा म्हणते ना!"

साहेबांनी एक पुस्तक काढलं. नाव वाचलं. मी म्हटलं, "वैद्याची बायको. काढ्यात घातलं." साहेबांनी नखानं पट्टी सोलली. खाली वैद्याची बायको!

"योगायोग," ते म्हणाले आणि दुसरं काढलं.

"जुळा भाऊ. मेला तो मेलेलाच नाही." पट्टी सोलली. जुळा भाऊ.

आता साहेब इरेला पेटले. मॅनेजरच ते! एकावरून विश्वास ठेवायचा नाही, सगळा हिशोब तपासायचा, हे हाडात भिनलेलं. तिसरं काढलं. "पुजारी." चौथं. "कोणीच नाही, त्यानं स्वतःच विष घेतलं आणि बायकोवर ढकललं." मागून एक बाई किंचाळल्या, "अहो साहेब, ते मी आज घरी नेणार होते!" साहेबांना ऐकूच गेलं नाही. पाचवं! "शाळेची मुख्याध्यापिका." सहावं! "मोलकरीण, पण ती खरी मोठी मुलगी असते." लोक कानावर हात ठेवू लागले. एक दादा कानातलं मशीन काढून खिशात ठेवून बसले. दोघी बाहेर ओट्यावर जाऊन थांबल्या आणि दारातून ओरडल्या, "झालं का?" झालं कुठं! मी थांबेना आणि साहेब थांबेनात. जमिनीवर पांढऱ्या पट्ट्यांचा ढीग झाला, जसा वरातीनंतर असतो. एक्केचाळिसावं पुस्तक संपलं तेव्हा साहेबांना घाम फुटला होता.

"मानलं," ते म्हणाले. "तुम्हीच."

आणि मग त्यांनी कपाटाकडे पाहिलं. त्यातलं एकही पुस्तक त्यांनी अजून वाचलेलं नव्हतं. खुनी मात्र एक्केचाळीसच्या एक्केचाळीस पाठ झाले होते. आता हे डोळे घेऊन काय करायचं, असा त्यांचा चेहरा झाला. मला वाईट वाटलं. थोडंच.

कोणीतरी मागून म्हटलं, "चावी?" साहेबांनी ती जुडग्यातून काढायला घेतली, नख तुटलं, पण काढली. गुरुजींनी ती घेतली, खिशातून तोच निळा दोरा काढून बांधली आणि पहिलं काम म्हणजे वरचा कप्पा उचलून ओढून पाहिला.

"गुरुजी, तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"पहिल्या पुस्तकापासून. पहिली दोन वर्षं मी खोडत होतो."

"मग काहून सोडलं?"

"मोतीबिंदू झाला." मग वरचा कप्पा बंद करत म्हणाले, "आणि अक्षर सुधारत होतं."

शिक्षा गुरुजींनीच ठरवली. मंडळात आता नागपूरहून नवी पुस्तकं आली आहेत. त्यातलं कोणतंही मला देताना ते शेवटची दहा पानं स्टेपलर मारून बंद करतात, वरून सही करतात, आणि मी आधीची सगळी पानं वाचून नेऊन दाखवल्यावरच समोर बसून उघडतात. पेन्सिल दारातच काढून घेतात. या वयात, या छातीच्या घरघरीवर, मी रोज न समजता झोपते! मंडळाच्या माणुसकीबद्दल एवढंच बोलते.

तेव्हा आता मी जाऊबाईंना वाचून दाखवते आणि दोघी संशय घेतो. आतापर्यंत सहा पुस्तकं झाली. चौथी पास, एक्केचाळीस रहस्यकथांचा अनुभव, माजी समिती सदस्य : माझे सहाच्या सहा अंदाज चुकले. जाऊबाईंचे सहाही बरोबर. शेवटच्या वेळी तर मी पेटीवाल्यावर संशय घेतला, तो दुसऱ्याच दिवशीच्या दहा पानांत स्वतःच मेला.

सध्या आम्ही सातव्यावर आहोत. काल पान एकशे बारा झालं. मला रात्रभर ठसका होता म्हणून सकाळी मुलाला बोलावून सांगून ठेवलं : मी मध्येच गेले तर स्टेपलरच्या पिना उपटू नका, गुरुजींकडे धावू नका, फोटोला तर काही सांगूच नका. आतल्या खोलीत जाऊबाईंना विचारा आणि त्या सांगतील ते मोठ्यानं माझ्या कानात म्हणा.

पलीकडून जाऊबाई ओरडल्या, "त्यापेक्षा आत्ताच विचारून घे, शांते! अन् आधी पोराच्या हातानं गहू पाठव चक्कीवर!"